गार्ड साहेबांचं हिरवं बटण

साडेनऊला एक मिनिट कमी असताना आनंदरावांनी चष्मा पुसला, मनगटावरचं घड्याळ पाहिलं आणि हिरव्या बटणावर अंगठा ठेवला. काटा जागेवर आला. अंगठा दाबला गेला, आणि भिंतीवरच्या मोठ्या पडद्यावर चाळीसच्या चाळीस बॉट कामाला लागले.

"ऑल राइट," ते म्हणाले.

"ऑल राइट, गार्ड साहेब!" अख्खं ऑफिस ओरडलं.

दीक्षा काचेआडून बघत होती. कंपनी तिची, आणि गार्ड साहेब तिचे बाबा. भिलाईजवळच्या चरोद्याच्या रेल्वे यार्डातून रिटायर झालेले, मालगाडीचे गार्ड. पडद्यावर खिडक्या आपोआप उघडत होत्या, मिटत होत्या. दवाखान्यांचे फॉर्म, कॉलेजांचे दाखले, कारकुनाने दिवसभर मान मोडून भरायचं ते सगळं हे बॉट नावाचे प्रोग्राम कुणाचा हात न लागता भरत सुटायचे. आनंदराव तासन् तास ते पाहत बसत.

"गाडीच्या शेवटच्या डब्यातून शेतं मांगं जातात ना, तसंच दिसते बाप्पा," ते म्हणायचे. "गुंगीच येते मले."

बटण मात्र खोटं होतं. त्याची वायर टेबलाच्या मागच्या फळीत शिरायची आणि तिथंच संपायची. बॉट साडेनऊला आपोआपच सुटत, आणि बाबांचं घड्याळ सेकंदभरही चुकत नसे, म्हणून बिंग फुटायचा सवालच नव्हता. हे फक्त दीक्षा आणि तिचा भागीदार पीयूष, या दोघांनाच ठाऊक होतं.

दोन वर्षांपूर्वी आई गेली. चंपाबाई गेल्या आणि बाबा भिलाई-3 च्या घरात भिंतीकडे तोंड करून बसायला लागले. ताट वाढलं की तसंच राहायचं. कंपनी तेव्हा भिलाईतल्याच कोहक्यात आटाचक्कीवरच्या एका खोलीत होती, तीन माणसं आणि दोन बॉट. दीक्षा स्वतः चहा-बिस्किटावर दिवस काढत होती, पण तिच्याकडे बघायला वेळ कुणाला होता? तिला काळजी होती ती बाबांची.

मग तिने ते बटण बनवलं.

"बाबा, बॉट सुटायच्या आंधी कोणी तरी हिरवा सिग्नल द्यावा लागते. आमच्या पोट्ट्यांचा भरोसा नाही. तुमीच या."

आनंदरावांनी एकच विचारलं होतं, "कपलिंग, डब्याडब्यातली जोड, कोणं तपासली? गार्ड सोताचा हात लावल्याबिगर गाडी सोडत नसते."

"पीयूषनं तपासली, बाबा."

दुसऱ्याच दिवशी ते इस्त्रीचा शर्ट घालून हजर. एक वाजला की डबा उघडत आणि हाक मारत, "ये माय. एकट्याच्यानं घास नाही उतरत मले." दीक्षा हातातलं काम टाकून जायची. बाबांनी दोन घास खावेत म्हणून तीही बसून पोटभर जेवायची.

कंपनी वाढली. एका दवाखान्याने दुसऱ्याला सांगितलं, दुसऱ्याने तिसऱ्याला. तीन माणसांची साठ झाली, चक्कीवाल्याने स्वतःचा वरचा मजलासुद्धा देऊन टाकला. एकदा रेल्वे फाटक बंद होतं आणि आनंदराव बारा मिनिटं उशिरा पोचले. दीक्षाने बारा मिनिटं सगळे बॉट रोखून धरले. ग्राहकांचे फोन खणखणत होते, पीयूषच्या तोंडचं पाणी पळालं होतं.

"माह्याबिना सुटली नाही गाडी?" बाबांनी धापा टाकत विचारलं.

"कशी सुटन, बाबा?"

ते तिच्याकडे बघतच राहिले. त्या दिवसापासून ते नऊलाच येऊन बसत.

आणि आता हैदराबादच्या एका बड्या कंपनीने त्यांच्याशी हातमिळवणी केली होती. ऑफिस नव्या रायपूरला जाणार, बॉट दूर कुठल्या तरी कॉम्प्युटरवर चालणार.

"दीदी, उधर वो बटन कहाँ लगाएँगे?" पीयूष म्हणाला. "बोल दो ना अब।"

बोलायचं कसं? बटण गेलं की बाबा परत त्या भिंतीसमोर. आठ दिवस शब्द तिच्या ओठांशी येऊन परत फिरत होता. एका दुपारी खुर्चीतच तिचा डोळा लागला. स्वप्नात ती लहान होती, रेल्वे कॉलनीच्या तारेला धरून उभी. मालगाडी संपता संपत नव्हती. डब्यांमागून डबे, आणि अगदी शेवटी बाबा, फक्त तिच्यासाठी हिरवी झेंडी हलवणारे. जाग आली तेव्हा गाल ओले होते.

शेवटच्या दिवशी ती त्यांच्या टेबलाशी गेली. "बाबा, एक सांगाचं होतं."

"मले बी," आनंदराव म्हणाले. "मले आता रिटायर कर, बेटा. बुद्ध विहारातल्या लायब्ररीसाठी तिथली संघमित्रा सहा महिन्यांपासून बोलावूनच राहिली. मीच नाही म्हणून राहिलो होतो."

"कावून?"

"ड्युटी होती ना इथं." त्यांनी डब्याला झाकण लावलं. "रायपुरात एक वाजता जेवत जाजो."

ते घरी निघाले, आणि दीक्षाचा जीव भांड्यात पडला. बटण खोटं होतं, हे सांगायची वेळच आली नाही! आठवण म्हणून बटण न्यावं, असं तिच्या मनात आलं. तिने टेबलाची मागची फळी सरकवली.

वायरच्या मोकळ्या टोकाला पिवळा पडलेला कागद दोऱ्याने बांधलेला होता. अक्षर बाबांचं, गार्डाच्या डायरीतलं, सरळ आणि ठसठशीत. तारीख दोन वर्षांपूर्वीची, त्यांच्या ड्युटीच्या पहिल्या दिवसाची.

'सकाळी ९.१५. कपलिंग हाताने तपासली. जोड नाही. मुलगी तीन दिवसांपासून जेवलेली नाही. ड्युटीवर थांबत आहे.'