जन्माला हजर असलेल्या दोघी

“अमेरिका गेली खड्ड्यात! पण त्या बाईच्या दारात मी पाय ठेवणार नाही!”

सोनाबाई ओट्यावर उभी राहून बोलली. बोलली कसली, अख्ख्या गल्लीला ऐकवलं. स्वप्ना घरातच बसली होती, हाताच्या अंतरावर. गोडादऱ्यातल्या त्या सोसायटीत घरं इतकी चिकटून, की एका घरात मिरचीची फोडणी पडली की तीन घरांत शिंका. शेजारी पोळपाटाचा आवाज थांबला. तिथं उषाबाई राहायची. ‘ती बाई’ म्हणजे तीच.

“आई, हळू. कागद नाही तर व्हिसा नाही. अकरा वर्षांनी नंबर लागलाय.”

“लागू दे!”

स्वप्ना नर्स. अमेरिकेतल्या एका हॉस्पिटलनं तिला नोकरीवर, कायमचं राहायला बोलावलं होतं. पासपोर्ट झाला, पोलिसांचा दाखला झाला, नर्सिंगची सर्टिफिकेटं झाली. आणि जन्माचा दाखला? तो पुरात गेला, असं सोनाबाई आठवडाभर भाजीवाल्यालासुद्धा सांगत होती. दाखला नसेल तर जन्माच्या वेळी हजर असलेल्या दोघांनी नोटरीपुढं लिहून द्यायचं. हजर दोघीच होत्या. एक सोनाबाई, तिला हजर राहणं भागच होतं. दुसरी उषाबाई. बाप काशीराम तेव्हा उधन्याला मिलमध्ये पाळीवर होता, आणि आता तोही राहिला नव्हता.

दोघींचं बिनसलं ते बिबड्यांवरून. नऊ वर्षांपूर्वी उषाबाईनं वर्षभराच्या ज्वारीच्या बिबड्या, म्हणजे पापडच, गच्चीवर वाळत घातल्या. सोनाबाईची टाकी भरून वाहिली, बिबड्यांचा लगदा झाला. तेवढ्यावर मिटलं असतं. पण सोनाबाई म्हणाली, “तशाही त्या मऊच होत्या.” त्या दिवसापासून अबोला.

स्वप्नाचा जीव अडकला होता तो इथं. आईची शुगर कधी उतरेल, नेम नाही. दिवाळीत मोरीच्या दारात पडली. स्वप्ना घरी होती म्हणून बरं. ती गेल्यावर आईची हाक ऐकू जाईल असं घर एकच, आणि मधे विटेची भिंत नि नऊ वर्षं.

स्वप्ना शेजारी गेली. उषाबाईनं मान वर केली नाही.

“तुन्ही मायले सांग, तिले सोता येनं पडी.”

आईनं स्वतः यायचं, असा निरोप आला तशी सोनाबाई पुन्हा ओट्यावर. “बघा बघा! पोरीपायी आईला काय काय करावं लागतं!” आणि दहा पावलं जायला तिनं ठेवणीतलं लुगडं काढलं.

“पोरीचं काम आहे, माझं नाही,” ती उषाबाईच्या पंख्याला म्हणाली.

“पोरनंच काम करस मी. दुसरं कोनं नही,” उषाबाईनं माठाला सांगितलं.

रिक्षात दोघी दोन टोकांना. मधे स्वप्ना, उशी ठेवल्यासारखी. उधन्यापर्यंत दोघींची तोंडं बाहेर.

नोटरीनं चष्मा लावला. जन्म किती वाजताचा?

“पहाटेचा,” सोनाबाई म्हणाली. “रातपाळी सुटायच्या आधी.”

“पहाटना कसानं! दुपार व्हती. मन्हं वरण करपनं तठे!”

नऊ वर्षांत पहिल्यांदा सोनाबाईनं तिच्या तोंडाकडं पाहिलं. “तुझं वरण रोजच करपायचं. त्यावरून का टायम काढायचा?”

“तुन्हा डोळा तरी उघडा व्हतात का? दिवस का रात, तुले काय समजनं? पोर पहिले मन्हा हातमा उनी!”

“बेन, शांति राखो,” नोटरी गुजरातीत म्हणाला. “टाइम एक ज लखाशे.”

कागदावर वेळेला जागा एकच. बाहेर टेम्पोवाले कापडाच्या ताग्यांवरून भांडत होते. मग सोनाबाई म्हणाली, “दुपार लिहा, भाऊ. मला शुद्ध कुठं होती? पोर पहिल्यांदा हिच्याच हातात आली.”

उषाबाईनं पदर तोंडाला लावला. सही झाली आणि ती कागदाकडं बघूनच पुटपुटली, “त्या सालन्या बिबड्या मऊच व्हत्यात.”

सोनाबाईला हसू आवरेना. मग उषाबाईलाही. नोटरीनं शिक्का मारला, तोही हसत.

परत येताना स्वप्नाला रिक्षाच्या कडेला ढकललं गेलं. मधे दोघी, नऊ वर्षांचं एका दमात बोलत. कोणाची सून पळाली, कोणाचे गुडघे बदलले. संध्याकाळी उषाबाईकडं कळण्याची भाकरी आणि ठेचा, आणि त्याच वेळी सोनाबाईच्या घराची दुसरी किल्ली उषाबाईच्या खिळ्याला.

दुसऱ्या दिवशी स्वप्ना लोकेशच्या झेरॉक्सच्या दुकानात गेली. तिचे सगळे कागद ऑनलाइन चढवून द्यायचं काम त्याच्याकडं. त्यानं नोटरीचा कागद उलटसुलट पाहिला.

“हा कुठं चढवू? जन्माचा दाखला तर आपण मागच्या महिन्यातच चढवला. अस्सल, महापालिकेच्या शिक्क्याचा.”

“चढवू नको, लोकेशभाऊ. लॅमिनेशन कर.”

लोकेशच्या डोक्यात उजेड पडायला वेळ लागला. पडला तेव्हा त्यानं कपाळावर हात मारला. “लबाड! दोघींना उल्लू बनवलंस? आईला कळलं तर सोलून काढेल!”

“दोघींना नाही, एकीलाच,” स्वप्ना खिदळत म्हणाली. “दाखला आईनंच ट्रंकेतून काढून दिला. वर म्हणाली, पुरात गेला म्हणून सांगू या.”