पिवळी पट्टी

"म्हणजे त्यानं वाचलंच नव्हतं," साहेब म्हणाले. हा प्रश्न नव्हता. उत्तर ठरवूनच त्यांनी सगळ्यांना केबिनमध्ये बोलावलं होतं.

समोर तिघं. बिस्किटांच्या कारखान्याचा मुकादम, भाषांतर करणाऱ्या बाई आणि कारखान्याची विकी, म्हणजे संगणकावरची सूचनांची पानं, सांभाळणारा संगणकवाला. काल कणीक मळायच्या नव्या यंत्रात एका कामगाराची तीन बोटं गेली होती. त्यानं सूचना वाचलीच नव्हती असं ठरलं, की चूक त्याची, आणि भरपाईचं झंझट मिटलं.

भिंतीवरच्या पडद्यावर विकीतलं त्या यंत्राचं पान उघडं होतं. वर भाषांची बटणं. ऑफिसच्या भाषेत स्वच्छ लिहिलं होतं : यंत्र बंद केल्यावर पातं थोडा वेळ फिरत राहतं, दिवा विझेपर्यंत झाकण उघडू नका. संगणकवाल्यानं कामगारांच्या भाषेचं बटण दाबलं. तिथं अजून जुन्या यंत्राचीच ओळ होती : यंत्र बंद करा आणि झाकण उघडून कणीक काढा.

"बाई, हे पान तुमचं ना?"

"माझंच." बाईंचा आवाज खोल गेला होता. "पण मूळ पान बदललं की आमच्या पानावर पिवळी पट्टी येते, भाषांतर जुनं झालंय म्हणून. ती बघून मी कामाला लागते. बरेच दिवस एकही पट्टी आली नाही. मी आपली खूश, की सगळं हातावेगळं झालं."

संगणकवाला नखं कुरतडायला लागला. पट्टी त्यानंच लपवली होती. माल घेणारे पाहुणे कारखाना बघायला यायचे होते आणि विकी उघडावी तर जिकडेतिकडे पिवळं. "पाहुण्यांसमोर दारातच धुणं वाळत घालायचं का?" असं साहेबच तेव्हा म्हणाले होते. पाहुणे आले, चार भाषांचं कौतुक करून, माना डोलावून गेले. पट्टी परत लावायची राहून गेली. आता तोंड उघडायचं तर साहेबांचं नाव घ्यावं लागणार, आणि साहेब तर त्याच्याकडेच बघत होते.

"त्या पट्टीचं नंतर बघू," साहेब म्हणाले. "वाचलंच नसेल तर पान जुनं काय आणि नवं काय? उगाच कुणाला त्रास नको. बाई, तुम्हालाही नोकरी आहे."

बाईंना सगळं कळलं. त्या संगणकवाल्याकडे बघत राहिल्या. मग त्यांनी मान खाली घातली. शरमेनं मेल्याहून मेल्यासारखं झालं त्यांना, पण मान काही वर आली नाही.

"मुकादम, तुम्हीच सांगा. वाचतात का हो ही माणसं कधी?"

"नाही साहेब. कुणी वाचत नाही."

साहेब खुर्चीत सैलावले.

"एकमेकांना विचारतात," मुकादम पुढे म्हणाला. "पातं लगेच थांबत नाही, हे यंत्र आलं त्याच दिवशी सगळ्यांना तोंडोतोंडी कळलं होतं. हा तेव्हा रजेवर होता. कालच कामावर आला. आणि हा कुणाला विचारायचा नाही. मास्तर म्हणून चिडवायचे त्याला."

"का?"

"यंत्राला हात लावायच्या आधी पान वाचायचा म्हणून. खाली यंत्राशेजारी पडदा आहे ना, त्यावर एकेका ओळीखाली बोट फिरवत. पिठाचं बोट. झाकण उघडून कणीक काढा, त्या ओळीखाली रेघ उमटलीय. अजून आहे."

साहेब खुर्चीत सावरून बसले.

"सकाळी सफाईवाले पुसायला आले होते," मुकादम म्हणाला. "मी म्हटलं, राहू दे. साहेब बघायला येतील."