सातवा दगड

दरवर्षी मे महिन्यात ऑस्लिंग्टनचे गावकरी विलो झाडाच्या काठ्या घेऊन शिवेवरून फिरत आणि हद्दीचा एकेक दगड बडवत, म्हणजे शीव कोणी विसरायला नको. अकरा वर्षांपूर्वी इथे राहायला आलेल्या, गावाचा इतिहास लिहिणाऱ्या मिस प्लमट्रीच्या हातात कोणी कधी काठी दिली नव्हती. ती आपली नकाशा घेऊन मागून चालायची.

सातवा दगड ओढ्यापलीकडे होता. तिने तो स्वतः मोजून नकाशात मांडला होता. या वर्षी मात्र गावकरी ओढ्याकडे वळलेच नाहीत. ते थेट तिच्या फाटकाशी थांबले. तिथे दगड होता, शेवाळलेला, वेलींनी जखडलेला.

"सकाळी हा इथे नव्हता," ती म्हणाली.

"दगड इथलाच आहे, बाई," शेतकरी हॉब्ली म्हणाला. "बाहेरच्या काय त्या तुम्हीच."

बायका फिदीफिदी हसल्या. तिने नकाशा उघडला. तिच्याच अक्षरात, फिकट पडलेल्या जुन्या शाईत सातवा दगड फाटकाशी होता. आठवा तिच्या स्वयंपाकघरात.

तिने खिशातली किल्ली मुठीत आवळली. "घराला कुलूप आहे. आत कोणी पाऊल टाकायचं नाही."

"आम्ही कशाला टाकतोय?" हॉब्लीने काठी गवतावर ठेवली. मग सगळ्यांनीच ठेवल्या आणि तिच्या दाराकडे बघत उभे राहिले.

कुलूपबंद घरातून दगडावर काठ्या बडवल्याचा आवाज येऊ लागला.