तीन निळे ठिपके

“बंब पोचलेत!” कावुमासाहेबांनी अग्निशमन नियंत्रण कक्षाच्या भिंतीवरच्या नकाशावर बोट आपटलं. “हे बघ, तीन निळे ठिपके. बरोब्बर बालवाडीच्या बोळात. दिसत नाहीत का तुला?”

दिसत होते की. नाकिमुलीला ते ठिपके स्वच्छ दिसत होते. पण तिच्या हेडफोनमध्ये एक बाई जिवाच्या आकांताने रडत होती, त्याचं काय?

भर दुपारी कासोझी वस्तीला आग लागली होती. रडणारी बाई म्हणजे तिथल्या बालवाडीच्या शिक्षिका, नाम्बूझे. एकट्या. सोबत बावीस पोरं, सगळी तीन-चार वर्षांची. आग दोन घरं पलीकडे.

“एकही बंब नाहीये गं इथे! दोघांना घेऊन धावले तर वीस जण मागे राहतात. कुणाला उचलू, सांग ना!”

“धुरात दिसत नसतील तिला,” साहेब म्हणाले. “पुढचा फोन घे.”

“साहेब, शेजारच्या ठाण्यात चौथा बंब नुसताच उभाय. तो तरी पाठवते.”

“तीन पोचलेले असताना चौथा? मोठे साहेब मुख्यालयात बसून हाच नकाशा बघतायत. त्यांना काय सांगू? एक बाई रडली म्हणून पाठवला?”

म्हणजे बघा! जिवंत माणूस ओरडून सांगतंय, आणि हे ठिपक्याचं ऐकतायत!

साहेबांच्या डोक्यामागे प्रशस्तिपत्रक टांगलं होतं, चांगलं काचेच्या चौकटीत. फेब्रुवारीतल्या बाजाराच्या आगीचं. ‘नऊ मिनिटांत घटनास्थळी.’ त्या आगीत टोमॅटो विकणाऱ्या दोन बाया जळून गेल्या होत्या. अहवालात लिहिलं होतं, आग भयंकर होती, बंब वेळेवर पोचूनही इलाज चालला नाही.

नाकिमुलीने समोरच्या स्क्रीनवर दोन बोटांनी तोच नकाशा मोठा केला. अजून मोठा केला. आणि तिचा हात थांबला. हा बोळ तिच्या ओळखीचा होता, तिची आत्या तिथेच राहायची. पाण्याचे कॅन घेतलेल्या दोन बाया समोरासमोर आल्या, तर एकीला कुणाच्या तरी दारात चढून उभं राहावं लागतं. नकाशावर तो चांगला रुंद, पांढराशुभ्र रस्ता दिसत होता. आणि त्यात एकामागे एक तीन बंब?

तिने पहिल्या ठिपक्यावर बोट दाबलं. तसं केलं की त्या बंबातल्या टॅब्लेटची घंटा वाजते.

“बोला, अग्निशमन दल!” हसरा आवाज. मागे मोटरसायकलची फटफट.

“कोण बोलतंय?”

“लुबेगा. बोडावाला.”

“मोटरसायकलवाला? बंबाचा टॅब्लेट तुझ्याकडे कसा?”

“बंब पुलाजवळ गाड्यांच्या गर्दीत अडकलेत, मॅडम. हलायलाच तयार नाहीत. दहा मिनिटांत ठिपका पोचला नाही तर ड्रायव्हरांना मेमो मिळतो ना? मग ते टॅब्लेट आमच्याकडे देतात. आपण सुळकन पुढे! तिघं आहोत. आता बंब येईपर्यंत उभं राहायचं, मग टॅब्लेट परत.”

स्पीकर चालू होता. कावुमासाहेबांनी सगळं ऐकलं. त्यांचा चेहरा उकडलेल्या मटोके केळ्यासारखा झाला. मेमोचा नियम कुणाचा? त्यांचाच की!

नाकिमुलीला इतका संताप आला की समोरचा कप फेकून मारावा. पण वेळ कुठे होता?

“लुबेगा, पिवळं फाटक दिसतंय?”

“दिसतंय. बंद आहे. धूर आहे खूप.”

“आत बावीस पोरं आहेत. बालवाडीची. एका बोडावर किती बसतील?”

“एवढुशी? पुढे टाकीवर दोन, मागे दोन. पोलीस नसला तर पाच.”

“पोलीस नाहीये. जा!”

मग तिने चौथ्या बंबाचं बटण दाबलं. कुणालाही न विचारता.

आणि नकाशावरचे ठिपके पळायला लागले! बोळातून चर्चच्या मैदानात. मैदानातून परत बोळात. फोनवर नाम्बूझे मोजत होत्या. “चार… आठ… बारा…” मग नुसता खोकला. मग, “सोळा… वीस…” मग काहीच नाही. नाकिमुलीने टेबलाची कड घट्ट धरली.

“बावीस,” नाम्बूझे म्हणाल्या. “मी पण बसलेय. मागे कुणी नाही.”

तेवढ्यात मुख्यालयाची लाईन वाजली. मोठे साहेब!

“शाब्बास, कावुमा! बघत होतो मी. काय पळतायत रे तुझे बंब त्या बोळातून! आणि पुन्हा नऊ मिनिटं, बाजाराच्या आगीसारखीच. शुक्रवारी सत्कार करू. ड्रायव्हरांची नावं दे.”

आणि कावुमासाहेबांनी काय करावं? त्यांनी खरंच ड्रायव्हरांची यादी पुढे ओढली!

नाकिमुलीने माइक त्यांच्या हातातून काढून घेतला. “लिहून घ्या, साहेब. लुबेगा आणि त्याचे दोन दोस्त. तिघं बोडावाले. टॅब्लेट त्यांच्याकडे होते. बंब अजून पुलाजवळच आहेत.”

मग मोठ्या साहेबांनी हळूच विचारलं, “आणि बाजाराच्या वेळी?”

लुबेगाची लाईन स्पीकरवर अजून चालूच होती.

“तेव्हाही आम्हीच पोचलो होतो, साहेब,” तो खोकत खोकत म्हणाला. “नऊ मिनिटांत. पण आत माणसं आहेत, हे तेव्हा आम्हाला कुणी सांगितलंच नाही.”