बॉनेटवरचे स्वस्तिक

दसऱ्याला मी नव्या गाडीच्या बॉनेटवर काढलेले कुंकवाचे स्वस्तिक चार दिवसांच्या उन्हात रंगात मुरले होते. ते पाण्याने जाईना, म्हणून माझे पती बारीक पॉलिशपेपर घेऊन घासायला बसले.

“हलक्या हाताने घासा. वरचा पारदर्शक थर गेला, तर चकाकी परत येत नाही.”

“बाई, शिकवणं कॉलेजात ठेवा.”

डाग गेला, त्यामागोमाग चकाकीही गेली आणि तळहाताएवढा पांढुरका चट्टा उरला. पतींनी आधी तो न्याहाळला, मग मला. “तुझ्या कुंकवाने वाटोळं केलं!” असे ओरडून त्यांनी माझे केस धरले आणि डोके बॉनेटवर आपटले.

भुवई फुटली. चट्ट्यावर रक्त ओघळताच त्यांनी खिशातून मऊ रुमाल काढला. बावीस वर्षांच्या मारहाणीत रुमाल प्रथमच निघाला होता, म्हणून अभ्यासकाच्या कुतूहलाने मी चेहरा पुढे केला. त्यांनी बॉनेट पुसायला घेतले.

मी त्यांचे मनगट घट्ट धरले आणि दुसऱ्या हाताने पोलिसांना फोन लावला.

“पुसू नका,” मी म्हणाले. “पंचनाम्याला लागेल.”