पाखरीचं सोसणं

तापून लाल झालेला विळा सत्याप्पानं पाखरीच्या शेपटीच्या बुडाशी टेकवला. चर्र झालं, केस जळल्याचा वास सुटला, पण घोडी जागची हलली नाही. एरवी शेपटीला नुसता हात लावला तरी तिची लाथ ठरलेली! सत्याप्पाचा जीव भांड्यात पडला. डाग बरोबर लागला म्हणायचा.

अक्कोळपासून यमगर्णीपर्यंत किती नवरदेव हिनं पाठीवर मिरवले असतील, त्याला गणती नाही. पण महिनाभर झाला, तिची शेपटी लुळी पडली होती, मूत थेंबथेंब गळत होतं आणि आता खालचा ओठही एका बाजूला ओघळला होता. घोडीवरनं वारं गेलं, असं सत्याप्पानं ठरवूनच टाकलं. वाऱ्यावर डाग द्यायचा, हे त्याला बापानं शिकवलेलं.

आठ-आठ दिवसांनी त्यानं तीन डाग दिले. आता पुरे, बेळगावच्या जनावरांच्या डॉक्टरीण बाईंना बोलवू, असं बायको सोनुबाई म्हणत राहिली, तर त्यानं तिलाच झापलं. जनावर एवढं निमूट सोसतंय म्हणजे गुण येतोय, एवढी साधी गोष्ट हिला कळू नये? लई शहाणी माझी बाय, म्हणत तो पाखरीला गूळ भरवायचा. गूळ तिच्या ओठातून खाली पडायचा. तो उचलून पुन्हा भरवायचा.

चार दिवस लीद अडकली आणि पाखरी पोटदुखीनं लोळायला लागली, तेव्हा सोनुबाईनं त्याला न विचारता फोन लावला. माधवी डॉक्टर आल्या. आधी हात घालून त्यांनी लीद काढली. मग सुईनं शेपटीभोवती टोचत गेल्या. पाखरी ढिम्म. मानेवर टोचलं, तशी दचकून मागं सरली.

"ती सोसत नव्हती, आप्पा," डॉक्टर म्हणाल्या. "तिथं तिला काही कळतच नाही. आतल्या शिरा सुजून मरत चालल्यात. फार क्वचित होतो हा आजार, पण झाला की बरा होत नाही."

सत्याप्पा त्या तीन डागांकडं बघत उभा राहिला. मेलेलं कातडं आपण भाजत बसलो, आणि वर शहाणी म्हणून कौतुक केलं. त्याला स्वतःची शिसारी आली.

डॉक्टरांनी काही लपवलं नाही. रोज हात घालून लीद काढावी लागेल, पोट दुखतच राहील, तोंड पुरतं लुळं पडलं की चाराही बंद होईल. एका इंजेक्शनात तिला सोडवता येईल, सोडवू का, असं त्यांनी विचारलं. सोनुबाईनं तोंडाला पदर लावला. सत्याप्पानं होकाराची मान हलवली.

सुई भरून डॉक्टर पाखरीच्या मानेकडं वळल्या, तसा तो मध्ये आला.

"मानंला नको, बाई," तो म्हणाला. "शेपटीकडं द्या. तिथं तिला लागत न्हाय."