धावपट्टीवरच्या मिरच्या

सोमावतीच्या मिरच्या विमानाने उडवून नेल्या. पण तसं काही घडलेलंच नाही, असं धरून चालू.

चीनच्या कर्जातून बेटावरच्या जंगलात विमानतळ उभा राहिला, विमानं मात्र फिरकली नाहीत. म्हणून सोमावतीने वर्षभराच्या पोटापाण्याच्या मिरच्या धावपट्टीवर वाळत घातल्या. एवढं सपाट अंगण राणीलाही मिळालं नसतं.

“आत्या, उचल. आज खरंच येतंय,” पहारेकरी भाचा म्हणाला. “सरकारला हप्ते झेपले नाहीत. चिनी साहेब आता स्वतःचा विमानतळ बघायला येताहेत.”

“येऊ देत. जागा मोठीये, कडेने जातील.”

तेवढ्यात ढगातून ते बाहेर आलं. विहाराएवढं, पांढरंशुभ्र, आणि तरी तरंगणारं. सोमावतीचे हात आपोआप जोडले गेले. मग भाच्याचा वॉकीटॉकी घेऊन तिने अदबीने कळवलं, “मिरच्या ओल्या आहेत. तरी विमानाने त्या वाळेपर्यंत वरच थांबावे, ही नम्र विनंती.”